कडक किवी कापू नका

महोदय,

किराणा दुकानांत आता किवी सहज मिळते. पण बरेच जण ती कडक असतानाच कापतात आणि आंबट लागली की पुन्हा नाव काढत नाहीत. यात फळाचा दोष नाही. किवी कडक असतानाच तोडतात. कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत दोन-चार दिवस ठेवली, की केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती पिकते. देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबली, की आडवी कापून चमच्याने खावी. शिकरणीसारखी दुधात मात्र कालवून ठेवू नये. तिच्यातलं अ‍ॅक्टिनिडिन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडवट होतं. दुकानदारांनी टोपलीवर एवढी चिठ्ठी लावायलाच हवी. आणि हो, खाताना ओठ-जीभ खाजू लागली तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, लगेच थांबावं.

– एक फळविक्रेता, पुणे