हवामान अहवालाचेही पारायण व्हावे

संपादक महोदय,

हवामान बदलाबाबत धर्मसंस्थांनी काय करावे, अशी चर्चा निघाली की ती वृक्षारोपण, सौर पॅनेल आणि उत्सवांतला कचरा यांच्यापाशी येऊन थांबते. ही कामे व्हायलाच हवीत. परंतु एखादा ग्रंथ एकत्र बसून, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे ही जी गोष्ट श्रद्धावंतांना शतकानुशतके साधलेली आहे, तिचा या संकटात उपयोग करावा असे क्वचितच कोणी सुचवते. म्हणून हे पत्र.

शिखांचा अखंड पाठ सुमारे ४८ तास चालतो. ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत तोराचे वाचन आठवड्याआठवड्याने पुढे सरकते आणि संपले की लगेच पुन्हा आरंभापासून सुरू होते. ‘कुराण’ या शब्दाचा अर्थच पठण असा आहे. पारायण म्हणजे काय, हे तर मराठी वाचकाला सांगायला नको. या सर्वांत एक शिस्त समान आहे, ती ही की अवघड, नावडता किंवा कंटाळवाणा भाग वगळण्याची मुभा कोणालाच नसते.

‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीचा संश्लेषण अहवाल मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. धोरणकर्त्यांसाठीचा त्याचा सारांश पस्तीसेक पानांचा आहे, म्हणजे दोन-तीन तासांच्या बैठकीत तो वाचून होईल. देशोदेशींच्या सरकारांचे प्रतिनिधी त्याची ओळ न् ओळ एकत्र बसून मंजूर करतात, त्यामुळे असा मजकूर एकत्र बसून ऐकण्यात वावगे काहीच नाही. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे तापमान १८५०-१९०० या काळाच्या तुलनेत १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते, हे वाक्य आपण इतक्यांदा पाहिले आहे की आता ते डोळ्यांना जाणवतही नाही. पण पूर, दुष्काळ आणि वादळे यांत २०१० ते २०२० दरम्यान अतिशय असुरक्षित प्रदेशांतला मृत्युदर सर्वांत सुरक्षित प्रदेशांच्या १५ पट होता, हे वाक्य मोठ्याने वाचावे लागले तर वाचणाऱ्याला थांबावेच लागते. त्यातच विधानांपुढच्या कंसांत येणारे ‘उच्च विश्वास’, ‘अतिउच्च विश्वास’ हे शब्द नजर सहज ओलांडून जाते. मोठ्याने वाचले की तेच शब्द धृपदासारखे परत परत येतात आणि आपण जे म्हणतो त्याची खात्री किती, हे शास्त्रज्ञ किती काटेकोरपणे तोलतात ते कानांना कळते. (प्रवचनकारांनीही असा कंस अधूनमधून वापरायला हरकत नाही.)

यामुळे अहवालाला धर्मग्रंथाचे स्थान मिळेल, ही शंका मला पटत नाही. पुढचे मूल्यांकन आले की हा मजकूर मागे पडणार, हे त्याचे वाचन करणाऱ्यालाही ठाऊक असेल. धर्मपरंपरेकडून घ्यायची आहे ती ऐकण्याची रीत. वाईट बातमी एकट्याने मोबाइलवर वाचणारा माणूस ती बोटाने वर सरकवतो. चारचौघांत बसून ऐकताना तसे करता येत नाही, आणि ऐकून मन खचले तर सावरायला मौन आणि प्रार्थना तेथे असतातच.

वाचनाने एक ग्रॅमही कार्बन कमी होत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. तापमानवाढ १.५ अंशांपर्यंत रोखायची तर हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४३ टक्क्यांच्या आसपास कमी व्हायला हवे, असे हाच सारांश सांगतो. हे एकत्र ऐकलेल्या समुदायाने आपल्या संस्थेच्या ठेवी कोणत्या उद्योगांत आहेत, हा प्रश्न त्याच बैठकीत विश्वस्तांना विचारावा.

अडचण भाषेची आहे. अहवालाची अधिकृत भाषांतरे संयुक्त राष्ट्रांच्या भाषांत होतात आणि त्यांत मराठी नाही. आपल्या दैनिकाने जाणकारांकडून या सारांशाचे भाषांतर करून घेऊन ते क्रमशः, दर आठवड्याला एक पान याप्रमाणे, छापावे आणि कंसांतले शब्द कृपया गाळू नयेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक