पार्किंगमधली उघडलेली बुलेट आणि वाहनदुरुस्तीवरची बंदी : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्षा,
व्यवस्थापक समिती

विषय : इंजिनाचं काम सुरू असलेली बुलेट पूर्ण होईपर्यंत जागच्या जागी राहू देण्याबाबत, तसंच आवारातल्या वाहनदुरुस्तीवरच्या सरसकट बंदीचा फेरविचार करण्याबाबत.

महोदया,
सप्रेम नमस्कार.

सूचनाफलकावरची नोटीस वाचली. आवारात कोणत्याही प्रकारची वाहनदुरुस्ती करू नये आणि भाग काढून ठेवलेली वाहनं आठ दिवसांत हलवावीत, असं तीत म्हटलं आहे. अशी गाडी आवारात एकच आहे आणि ती माझी आहे. ती आत्ता हलवणं मला शक्य नाही. नुसती मुदत मागण्यापेक्षा कारण नीट सांगतो.

गाडी १९७८ सालची बुलेट. ३५० म्हणतात, प्रत्यक्षात ३४६ सीसी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. वडिलांनी ती आयुष्यभर चालवली, आता आरसी बुक माझ्या नावावर आहे. अलीकडे ती निळा धूर सोडायला लागली होती. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त थ्रॉटल सोडल्यावरच धूर आला असता तर व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) संशय घेऊन हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम करून भागलं असतं. पण हा धूर चढावर, इंजिनाला जोर लागताना येत होता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजलेत. त्यात खालून ठकठक. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी करून घ्यावं लागतं, आणि धूर ओकणारी गाडी घेऊन आरटीओत जाणं मला पटत नाही. हा धूर आपल्याच खिडक्यांखालून जात होता. तो थांबावा म्हणूनच हे काम हाती घेतलं.

हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर शंका खरी ठरली. सिलिंडरमध्ये वरच्या कडेखाली नख फिरवलं की अडतं, तिथे पायरी पडली आहे. वरची रिंग जिथवर पोहोचते तिथेच झीज सगळ्यात जास्त असते, तिच्या वरचा भाग मूळ मापाचा राहतो, म्हणून ही पायरी. मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा दांडा, धरून पाहिला. डावीकडे-उजवीकडे थोडा हलतो, ते चालतं, तेवढी मोकळीक असावीच लागते. पण पिस्टन अगदी वरच्या टोकाला असताना रॉड सरळ वर ओढला, खाली दाबला, तर हाताला ठक् असं जाणवतं. ते चालत नाही. बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, बुश गेला आहे. म्हणजे हाफ इंजिनवर (नुसत्या वरच्या भागाच्या कामावर) भागणार नाही, फुल इंजिन, खालच्या क्रँकसकट, खोलावं लागणार.

आता गाडी का हलवता येत नाही ते. या बुलेटच्या चेसीला इंजिनाखाली नळी नाही. पुढची नळी खाली येते आणि तिथून मागपर्यंतचा सांधा खुद्द इंजिनच जोडतं. इंजिन हा सांगाड्याचाच भाग आहे. ते काढलं की चेसीला खालून लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा लागतो, आणि त्या अवस्थेत गाडी ढकलली तर ती वाकू शकते किंवा कोणाच्या पायावर पडू शकते. झाडणाऱ्या मावशींनाही मी हेच सांगून ठेवलं आहे, की आजूबाजूचं मी स्वतः झाडेन, पण कव्हर ओढू नका.

गॅरेजमध्ये का देत नाही, असं आपल्या सचिवांनी विचारलं. योग्य प्रश्न आहे. अवजड कामं मी गॅरेजमध्येच, खरं तर मशीन शॉपमध्ये देणार आहे. सिलिंडर बोअर करून त्यात ओव्हरसाइझ पिस्टन बसवणं, होनिंग (बोअरला आतून बारीक घासणं), क्रँक दाबून उघडणं आणि पुन्हा जोडून ट्रू, म्हणजे अगदी सरळ फिरेल असा, करणं, ही घरी करायची कामं नव्हेत आणि त्यांचा आवाज आपल्या आवारात होणारही नाही. घरी काय राहतं, तर उघडणं, मोजणं, जपून ठेवणं आणि जुळवणं. क्रँककेसचे (क्रँक ज्यात बसतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीचे) दोन अर्धे भाग जोडीनं मशीन केलेले असतात, एका इंजिनाचा अर्धा दुसऱ्याला नीट बसत नाही. रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) बेअरिंगचे तुकडेही जोडीजोडीनंच राहायला हवेत. जिथे एका वेळी चार बुलेट उघडलेल्या असतात तिथे हे भाग एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. शिवाय इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो आणि आरसी बुकात तोच आहे. ती केस बदलली तर ही वडिलांची गाडी कागदोपत्रीसुद्धा उरणार नाही. म्हणून प्रत्येक भाग चिठ्ठी लावून माझ्या घरातच आहे.

पहिल्या मजल्यावरून वासाची तक्रार आली, ती रास्त आहे. तो वास भाग धुतलेल्या डिझेलचा होता. धुण्याचं काम आता संपलं, क्रँककेस मशीन शॉपमधूनच धुऊन येईल. पेट्रोलनं मी काहीच धूत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरून लांबच्या ठिणगीवरसुद्धा पेट घेते. टाकी काढली त्याच दिवशी तिच्यातलं पेट्रोल मुलीच्या स्कूटरमध्ये ओतलं. काढलेलं ऑइल कॅनमध्ये बंद आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, त्याचा एक थेंबही आपल्या गटारात जाणार नाही.

त्रास होईल तो एकाच दिवशी, इंजिन पहिल्यांदा सुरू करताना. आधी प्लग काढून किक मारत राहायचं, बाहेरच्या पाइपातून ऑइल वर रॉकरपर्यंत पोहोचलेलं दिसलं की मगच प्लग लावायचा. जोडताना लावलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर होईल. थोडा वेळ चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, हेडचे नट पुन्हा कसायचे, की झालं. हे इमारतीखाली करणार नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि छताखाली तो साचतो. गाडी गेटजवळ उघड्यावर नेईन, कामाच्या दिवशी दुपारी, आणि तारीख आदल्या आठवड्यात फलकावर लावेन. रनिंग-इन, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत गाडी हळू चालवणं, अर्थातच रस्त्यावर.

दोन विनंत्या आहेत. माझ्या नावावरच्या पार्किंगच्या जागेत ही गाडी दोन महिने, ठोकळ्यांवर, कव्हर घालून राहू द्यावी. आणि नोटिशीतलं 'कोणत्याही प्रकारची' हे शब्द बदलावेत. त्याऐवजी वेल्डिंग, ग्राइंडर, स्प्रे पेंटिंग, पेट्रोल साठवणं आणि छताखाली इंजिन चालू ठेवणं यांना स्पष्ट मनाई करा, मी पहिला पाठिंबा देईन. पण आताच्या शब्दांत सायकलचं पंक्चर काढणारी शाळकरी पोरंही गुन्हेगार ठरतात. हातानं काही उघडून पाहणाऱ्या मुलांना आपण आवारातून हाकलू नये, असं मला मनापासून वाटतं.

समितीपैकी कोणी प्रत्यक्ष पाहायला आलं तर आनंद होईल. रविवारी सकाळी दहापासून मी पार्किंगमध्येच असेन, आणि काढलेले भाग पाहायचे असतील तर घरीही दाखवीन.

आपला नम्र,
एक सभासद

प्रत : मा. सचिव