ते डोहाळे नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीने डोहाळजेवणाचे फोटो मागवले आहेत. झोपाळा, फुलांचे दागिने, हिरवी साडी. आमच्याकडेही दसऱ्यानंतर तो बेत आहे, फोटोही निघतील. पण हे सगळं सातव्या महिन्यातलं. दुसऱ्या महिन्याचा फोटो कोणी मागत नाही, म्हणून हे पत्र.

मी नागपूरच्या महाल भागात राहते. बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझी चूक केवढी होती ते कळावं म्हणून सांगते.

मे महिन्यात सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं आणि आठवड्याभरात उलट्या सुरू झाल्या. सकाळी, दुपारी, रात्री दोन वाजताही. पलंगाशी प्लास्टिकचं घमेलं आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी तर्री पोह्यांचा ठेला लागतो, त्याच्या वासामुळे खिडक्या बंद झाल्या. मग घरातली फोडणी बंद झाली. मुलगा गच्चीच्या जिन्यात बसून जेवू लागला. शेवटी पाळी आली कूलरची. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना ओल्या वाळ्याचा पहिला झोत म्हणजे काय सुख असतं, ते नागपूरकराला सांगायला नको. तिला नेमका तोच वास सोसेना. कूलर बंद केला की घर भट्टी, चालू केला की घमेलं. दुपारभर खिडकीला ओल्या चादरी लावून आम्ही दिवस काढले.

"आई, पाणीसुद्धा ठरत नाही हो पोटात," ती म्हणायची. "अगं, डोहाळे कडक आहेत, होईल कमी," हे माझं ठरलेलं उत्तर. शेजारच्या काकूंनी त्यावर कडी केली, "आमच्या वक्ताले कोन नेत होतं सलाईनले? ओकत-ओकत सडासारवन केलं आमी." आवळासुपारी, आलं-लिंबू, लाह्यांचं पाणी, सगळं देऊन झालं आणि सगळं घमेल्यात गेलं. यात बारा-तेरा दिवस गेले.

तेराव्या दिवशी ती न्हाणीघराच्या दारात भिंत धरून खाली बसली. ओठांना पापुद्रे, जीभ कोरडी. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची लघवी कधी झाली?" आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. उलट्या मोजल्या होत्या, हे कोणी मोजलंच नव्हतं. सकाळी झाली होती, तीही काळ्या चहासारखी. काट्यावर वजन पन्नास भरलं. दिवस जाण्याआधी चोपन्न होतं. लघवीत बुडवलेली पट्टी आमच्यासमोर जांभळी झाली. त्या जांभळ्या रंगाचा अर्थ मी किती तरी वर्गांना फळ्यावर लिहून दिला आहे: बाहेरून अन्न मिळेना म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळतंय, त्याचे कीटोन लघवीत उतरलेत.

तीन दिवस दवाखान्यात काढले. एक गोष्ट मला नवी होती. ग्लुकोज लावायच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. बरेच दिवस उपाशी असलेल्या बाईला बी-१ न देता साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते, असं कळलं. म्हणजे ओळखीच्या कंपाउंडरकडून घरीच 'एक बाटली लावून घेणं' किती धोक्याचं, ते पाहा. सोनोग्राफी केली, कारण जुळं किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी विकृत वाढ) असला तरी उलट्या अशा जोरात होतात. थायरॉइडही तपासलं. दोन्ही ठीक निघालं.

साधी मळमळ दहातल्या सात-आठ जणींना होते, बहुतेक सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोर धरते आणि चौथा-पाचवा महिना येईतो ओसरते. हा प्रकार वेगळा, डॉक्टरी भाषेत हायपरएमेसिस, म्हणजे गरोदरपणातल्या अतितीव्र उलट्या. शंभरात एखाददुसरीला किंवा फार तर तिघींना होतो, आणि मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट ही त्याची एक ठळक खूण. पूर्वी डॉक्टरसुद्धा 'हिला मूल नको असेल' म्हणून मोकळे होत. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात संशोधन आलं. गर्भ आणि वारेकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. जिच्या रक्तात ते आधीपासून कमी असतं, तिला एकदम वाढलेली मात्रा जास्त झोंबते. मनाचा खेळ नाही, नखरे तर नाहीतच.

घरी आलो तर गोळ्यांवरून नवा वाद. 'गरोदरपणी गोळी नको' हे आमच्या पिढीच्या हाडात मुरलंय, आणि ते उगाच नाही. थॅलिडोमाइड युरोपात याच मळमळीवर दिलं गेलं, आणि १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. पण सूनबाईला दिलेली डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी वेगळी. अमेरिकेत कोर्टकज्ज्यांना कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये तीही बंद केली होती, मात्र बाळाला अपाय होतो हे काही सिद्ध झालं नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने तिला पुन्हा मंजुरी दिली. डॉक्टरीणबाईंनी लोहाची गोळीही काही आठवडे थांबवली, तिनेही मळमळ वाढते म्हणून. चौथ्या दिवशी पोटात पहिल्यांदा काही राहिलं, तो लिंबू पिळलेला बर्फाचा खडा. मग उठायच्या आधी मूठभर मुरमुरे. मग गार दहीभात, बिनफोडणीचा.

आता तक्रार. सूनबाई एका खासगी कार्यालयात काम करते. साठलेली रजा दोन आठवड्यांत संपली. 'बाळंतपणाची रजा प्रसूतीआधी फार तर आठ आठवडे,' असं तिथून उत्तर आलं. ते खरंही आहे. पण १९६१ च्या त्याच मातृत्व लाभ कायद्यात तेव्हा कलम १० होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, ही सोय मात्र तिच्यातही आहे): गरोदरपणामुळे आजार झाला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळते. ते तिला कोणी सांगितलं नाही. माझ्या मुलाने कायदा उघडून वाचला तोवर जूनचा पगार कापला गेला होता.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी होते. २०१६ पासूनची ती योजना चांगलीच आहे, पण आखली आहे चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी. आमची पट्टी जांभळी झाली ती नवव्या आठवड्यात. डागा या सरकारी स्त्री-रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत उभं राहायचं त्राण अशा बाईत नसतं. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत निदान एप्रिल ते जून दोन खाटा यासाठी ठेवाव्यात: पट्टी तपासायची, बी-१ आणि सलाईन द्यायचं, संध्याकाळी घरी पाठवायचं. आणि नोंदणीला येणाऱ्या आशाताईंनी सासूला बसवून एवढं विचारावं: आठ तासांत लघवी झाली का, दिवसभरात घोटभर पाणी तरी ठरलं का? नाही म्हटलं की त्याच दिवशी दवाखाना.

डोहाळजेवणाचं आमंत्रण काकूंना दिलं आहे. सूनबाईने एकच अट घातली आहे: दारात गुलाबपाणी शिंपडायचं नाही आणि कोणी अत्तर लावून यायचं नाही.

आपली,
एक सासू
महाल, नागपूर