न्या. गजेंद्रगडकर एवढ्यापुरतेच?

संपादक महोदय,

आरक्षणाचा वाद पेटला की ५० टक्क्यांच्या मर्यादेचा उल्लेख होतो आणि त्या ओघात सातारचे सुपुत्र आणि माजी सरन्यायाधीश न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे नाव येते. म्हैसूर सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठेवलेले ६८ टक्के आरक्षण १९६२ च्या बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले; आरक्षण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे, असे सांगणारा तो निकाल त्यांचाच. त्यावर मतभेद असू शकतात. परंतु त्यांची कारकीर्द एवढ्यावरच मोजणे अन्यायाचे आहे.

१९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगासाठी तुरुंगात टाकलेल्या केशव सिंह यांना अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला, तेव्हा सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन हजर करण्याचा ठराव केला. असा प्रसंग आज नुसता वाचतानाही अविश्वसनीय वाटतो. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितल्यावर सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने स्पष्ट केले की, आपल्याकडे सार्वभौम आहे ती राज्यघटना, विधिमंडळ नव्हे. आणि जामिनाचा आदेश देणारे न्यायमूर्ती सभागृहाचे अपराधी ठरत नाहीत.

कामगार कायद्यातील त्यांचे काम तर याहून विस्तृत आहे. बोनसच्या सूत्रावरील १९५९ चा असोसिएटेड सिमेंट खटल्याचा निकाल आणि निवृत्तीनंतर भूषविलेले राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद यांचा उल्लेख आपल्या वृत्तपत्रांतही क्वचितच आढळतो. नव्या श्रम संहितांवर आपण लेखमाला काढणार असाल, तर त्यात या निकालांना जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा