नवोदितांना नकार तरी कळवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवणाऱ्या निवेदनांत अनेकदा शेवटी एक ओळ असते, 'ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास साहित्य नाकारले आहे असे समजावे.' संपादकांवरचा कामाचा ताण मला समजतो. तरीही लिहू पाहणाऱ्याची उमेद नकारापेक्षा या अबोल्याने अधिक खचते, हे आमच्या वाचनालयात नव्याने लिहिणाऱ्यांबरोबर बसताना मला सतत जाणवते. नकार आला तर माणूस आपले लेखन पुन्हा काढून वाचतो; काहीच आले नाही तर ते कोणी वाचले तरी का, इथपासून शंका सुरू होते.

१९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाच्या 'साभार परत'चा धाक मोठा होता आणि त्याच्या वाङ्मयीन भूमिकेवर कडक टीकाही झाली; पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक लेखकांना पत्रे लिहून कथा नेमकी कुठे अडते ते सांगत आणि ती पुन्हा लिहायला लावत. नवोदितांना कौतुकापेक्षा गरज आहे ती याची. आमच्याकडील एका तरुणीची कथा अशीच उत्तराविना पडून होती. एका निवृत्त शिक्षिकेने समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले, 'भावाने जमीन विकल्याचे कळल्यावर आई काहीच कशी बोलत नाही?' त्या प्रश्नामुळे सोडून दिलेली कथा तिने पुन्हा हातात घेतली आणि शेवटचा प्रसंग नव्याने लिहिला.

'लिहून पोट भरते का?' हे घरचे बोलणे राहतेच. त्यापुढे नमणाऱ्यांनी मालतीबाई बेडेकरांचे उदाहरण पाहावे. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावाने आलेल्या त्यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, तरी पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. टोपणनाव घ्यावे लागले तर खुशाल घ्यावे, पण लिहिणे सोडू नये, असे मी आमच्याकडील मुलामुलींना आवर्जून सांगतो.

आपल्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा तरी पूर्वी कुठेही न छापलेल्या लेखकाची कथा घ्यावी आणि ज्यांचे लेखन नाकारले जाईल त्यांना कारणासह दोन ओळी कळवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक