दादांच्या कंपवाताविषयी

पुणे, १४ ऑगस्ट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दादांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचे निदान झाल्याचे वाचून फार वाईट वाटले. अप्पांचा हाच आजार मी अकरा वर्षे घरात पाहिला, म्हणून तू मला विचारले आहेस की हा मुळातून बरा करणारे औषध कधी निघेल. तुला खोटा धीर देववत नाही. पण आशेला जागा कुठे आहे ते लिहितो.

अप्पांचा उजवा हात थरथरू लागला तेव्हा आजार सुरू झाला, असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात त्याच्या सहा-सात वर्षे आधी एकदा दूध करपून घरभर वास सुटला होता आणि स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलेल्या अप्पांना त्याचा पत्ताही नव्हता. रात्री झोपेत ते हातपाय झाडत, ओरडत. आई म्हणे, वाईट स्वप्न पडले असेल. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठ आणि झोपेतली ही झटापट या कंपवाताच्या फार आधीच्या खुणा असू शकतात, हे मला पुढे कळले. हाताला कंप सुटतो तोवर मेंदूतल्या डोपामीन (हालचालींना लागणारे रसायन) बनवणाऱ्या पेशींचा मोठा वाटा नष्ट झालेला असतो.

आजची मुख्य गोळी लेव्होडोपाची. तिची कथा आपल्या मातीशी जोडलेली आहे. सर्पगंधेतून मिळणारे रेसर्पीन देऊन निपचित पडलेले ससे लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले, हे आर्विड कार्लसन यांनी स्वीडनमध्ये १९५७ साली दाखवले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या खाजकुइलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते. (तेवढ्यावरून दादांना ते चूर्ण परस्पर सुरू करू नकोस, गोळीच्या जोडीने त्याची मात्रा जास्त होऊ शकते.) मात्र लेव्होडोपा डोपामीनची उणीव भरून काढते, पेशींचे मरण थांबवते असे सिद्ध झालेले नाही.

ते थांबवण्याचा प्रयत्न अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाभोवती चालला आहे. या आजारात त्याची घडी बिघडते आणि पेशींत त्याच्या गुठळ्या साचतात. त्या प्रथिनाला पकडणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी औषधांच्या) चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ साली आले आणि दोन्हींत अपेक्षित गुण दिसला नाही. मला त्यातून निराशेपेक्षा एक शंका अधिक वाटते: लक्षणे दिसू लागल्यावर उपचार सुरू करणे म्हणजेच उशीर करणे नसेल? म्हणून २०२३ सालचे संशोधन मला औषधाच्या बातमीइतकेच मोलाचे वाटते. पाठीच्या कण्यातले पाणी काढून त्यातले बिघडलेले सिन्यूक्लीन ओळखण्याची ती परीक्षा बहुसंख्य रुग्णांत खरी उतरली आणि हालचाली बिघडण्यापूर्वीही काहींत तो दोष दाखवू शकली. ज्यांचा वास गेला आहे, पण हात स्थिर आहे, अशांवर उद्या औषधे तपासता आली, तर अप्पांना जे मिळाले नाही ते पुढच्या पिढीला मिळू शकेल.

पेशीरोपणाविषयीही तू विचारलेस. क्योतोच्या संशोधकांनी आयपीएस पेशींपासून (साध्या शरीरपेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या स्टेम सेलपासून) डोपामीनच्या पेशी तयार करून सात रुग्णांच्या मेंदूत बसवल्या आणि दोन वर्षांत गंभीर अपाय आढळला नाही, असे २०२५ साली जाहीर केले. पण सात जणांवरून दादांसाठी निर्णय करता येणार नाही. कोणी पैसे घेऊन 'स्टेम सेल' टोचून देतो म्हणाला, तर कृपया त्याच्या दारात जाऊ नका.

सध्या दादांना खरा आधार गोळीच्या वेळेचा आहे. अप्पांची दुपारची गोळी अर्धा तास चुकली की ते देवघराच्या उंबरठ्याशी अडत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत आणि हाताला धरून ओढले तर तोल जाई. मग आईने उंबरठ्याच्या अलीकडे खडूने एक जाड आडवी रेघ काढली. "रेघ ओलांडा," असे ती म्हणाली की अप्पा पाय उचलत आणि सहज आत जात. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी का, हे डॉक्टरांना विचार, कारण डाळ-पनीरातली प्रथिने तिच्या आड येतात. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा आणि कोणत्या वेळी पाय अडतो, हे आठवडाभर वहीत टिपून मला पाठव.

तुझा,
अविनाश