काकांना पत्र: १९६७ ची कापडी टपाची जीटीओ

रॉयल ओक, मिशिगन

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोटोतल्या लाल गाडीत एवढं काय काम असतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर सांगून ते नीट पोचणार नाही, म्हणून लिहूनच पाठवतो. तुमचं आयुष्य उद्यमनगरातल्या यंत्रांमध्ये गेलं, त्यामुळे सोपं करून सांगत बसत नाही.

गाडी १९६७ ची पाँटिॲक जीटीओ. पाँटिॲक हा जनरल मोटर्सचाच ब्रँड. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांना ३३० घनइंचांपर्यंतच्याच इंजिनाची मर्यादा घातली होती. पाँटिॲकच्या मंडळींनी १९६४ साली टेम्पेस्ट लमान्स या मध्यम गाडीत ३८९ घनइंचाचं इंजिन बसवलं आणि वेगळं मॉडेल न म्हणता जादा पैशांचा 'ऑप्शन' म्हणून विकलं. मसल कारची, म्हणजे मध्यम गाडीत मोठं ताकदवान इंजिन घालण्याची, लाट तिथून उठली. १९६६ ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, १९६७ ला इंजिन ४०० घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं झालं. नेहमीच्या इंजिनाची ताकद ३३५ हॉर्सपॉवर. त्या वर्षी ८१,७२२ जीटीओ निघाल्या, त्यांतल्या कापडी टपाच्या फक्त ९,५१७. म्हणूनच साध्या लमान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे पुष्कळ. आधी गाडीवरचा कारखान्याचा नंबर बघायचा: २४२ म्हणजे जीटीओ, पुढचे ६७ म्हणजे कापडी टप, त्यापुढचा ७ म्हणजे १९६७. ३३५ च्या इंजिनावर पुढच्या बाजूला डब्ल्यूटी (हाताचा गिअर) किंवा वायएस (ऑटोमॅटिक) ही अक्षरं ठोकलेली असतात. पाँटिॲकची कारखान्याची बिलं अजून मागवता येतात. ते बिल हातात आल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पत्र्याचा टप असलेल्या गाडीत टपसुद्धा बॉडीला पिळू देत नाही. इथे ते काम चेसिस आणि फरशीवर येतं. म्हणून कारखान्यानेच कापडी टपाच्या गाडीला चेसिसच्या बाजू पेटीसारख्या बंद करून दिल्या. पत्र्याच्या टपाच्या गाडीत त्या इंग्रजी 'सी'सारख्या, एका बाजूने उघड्या असतात. तरीही बंद पेटीत पाणी आणि माती साठली की ती आतून सडते. चेसिसवर हातोडीचा हलका ठोका मारत जायचं, आवाज बद्द आला की समजायचं.

दुसरी तपासणी दाराच्या फटीची, आणि ती गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. लिफ्टवर घेतली की फटी खोटं सांगतात. फट साधारण दीड सूत हवी आणि वरपासून खालपर्यंत सारखी. वर आवळलेली आणि खाली मोकळी दिसली तर गाडी मधोमध बसली आहे. कधी चेसिस आणि बॉडीमधले रबरी बुश मेलेले असतात, कधी त्यांच्या जागेचा पत्राच गेलेला असतो. फरशी कापण्यापूर्वी दोन्ही दारांच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक इंची चौकोनी पाइप वेल्ड करायचा. हे न करता फरशी काढली तर बॉडी मधून दुमडते आणि नवी फरशी त्या वाकड्या आकारात पक्की होते. पुढे कितीही पुटी भरा, दार बसत नाही. गंज कुठे शोधायचा? मागच्या चाकांच्या मागे, डिकीच्या तळात, आणि टपाची घडी जिथे बसते त्या खोलगट जागेखाली. तिथलं पाणी मागच्या मडगार्डात उतरतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

मग ब्रेक. इंजिनाच्या आधी ब्रेक, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. गाडीचं वजन साधारण १६०० किलो आणि मूळचे चारही ड्रम साडेनऊ इंचांचे. उतारावर दोनदा जोरात दाबले की तापून सैल पडतात. पुढे ११ इंची डिस्क बसतात. पण नुसती डिस्क टांगून भागत नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य पंप) पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कला राहिला तर पॅड घासत राहतात. म्हणून मास्टर बदलायचा, मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकायचा, आणि मास्टर गाडीत चढवण्याआधी वाइसवर धरून त्यातली हवा काढायची. पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला इंजिनाचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) निदान १८ इंच पारा मिळायला हवा. जबर कॅम (झडपा उघडणारा दांडा) टाकला की तो मिळत नाही आणि पेडल दगडासारखं होतं.

इंजिन बीडाचं, बोअर ४.१२ इंच, स्ट्रोक ३.७५. मूळ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.७५. इथल्या आजच्या चांगल्या पेट्रोलवरही ते ठोकतं. हेड जुनेच ठेवायचे तर खोलगट पिस्टन घालून साडेनऊच्या आत आणायचं. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप खातं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे पाइप नवे.

पाँटिॲकच्या दोन खोड्या तुम्हाला मुद्दाम सांगतो. वॉटर पंपाच्या मागे एक पत्र्याची दुभाजक ताटली असते. ती आणि पंपाच्या पंख्यातलं अंतर वाढलं की पाणी तिथल्या तिथे फिरतं आणि गाडी तापते. लोक रेडिएटरवर रेडिएटर बदलतात, दोष त्या ताटलीत असतो. ती हलकेच ठोकून पंख्याच्या जवळ आणायची, लागणार नाही इतपत. दुसरी खोड इनटेक मॅनिफोल्डची. त्याचा पुढचा लांब बोल्ट टायमिंग कव्हरमधल्या रबरी रिंगवर आधी ओढून घ्यायचा आणि मग हेडचे बोल्ट ४० फूट-पौंडांना (आवळण्याच्या जोराचं माप) आवळायचे. क्रम उलटा झाला तर पुढून पाणी गळतं. हेड बोल्ट ९५ फूट-पौंड, मेन (क्रँकच्या बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट) १००, मागचा मेन १२०. मागचं ऑइल सील दोरीचं. गोल दांड्याने ठोकून बसवायचं आणि टोकं सपाट कापायची. एक तंतू कॅपखाली दबला तरी कॅप पूर्ण बसत नाही. साध्या टॅपेटचा नवा कॅम असेल तर जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल घालायचं आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवायचं. आयडलला सोडलं की कॅमवर तेल पुरेसं उडत नाही आणि त्याचा उंचवटा (लोब) घासून जातो.

ठिणगीसाठी वीज तोडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणं चांगलंच, पण मूळ वायरिंगमधली रेझिस्टन्सची वायर बाजूला काढून पूर्ण १२ व्होल्ट द्यावे लागतात. नाहीतर गाडी सुरू होते आणि वेगात चुकत राहते.

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा बदल पाचव्या गिअरचा. मूळच्या चौथ्याचं प्रमाण १:१. मागच्या डिफरन्शिअलचं (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरचं) प्रमाण ३.५५ आणि टायर २७ इंच धरलं तर ताशी ७० मैलांना इंजिन ३१०० आरपीएमला ओरडत असतं. ०.६८ च्या पाचव्यावर तेच २१०० ला येतं. उघड्या गाडीत हा फरक कानांना लगेच कळतो. मूळ गिअरबॉक्स मात्र विकायचा नाही. तेल लावून, गुंडाळून ठेवायचा, कारण अशा गाडीची किंमत तिच्या नंबरांत असते. बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल तेवढाच बदल करावा. चेसिस किंवा फरशी कापून घुसवलेली वस्तू मला पटत नाही.

टप शेवटी. मागच्या सीटमागे विजेवरचा पंप आणि दोन हायड्रॉलिक सिलिंडर. आधी सांगाडा सरळ करायचा आणि काचांशी जुळवायचा, मगच कापड. कापड उन्हात गरम करून ताणायचं आणि नंतर काही आठवडे टप बंदच ठेवायचा. नवा असतानाच घडी करून ठेवला तर तो आक्रसतो आणि पुढच्या काचेपर्यंत ओढून आणताना सांगाडा वाकतो.

गाडीखालून काढलेले चेसिसचे फोटो वेगळे पाठवतो. वेल्ड बघून तुमचं मत जरूर कळवा. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. टपाच्या पंपात ब्रेक ऑइल घालायचं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, हे नव्या पंपाच्या सीलवर ठरतं. दोन्ही कधी मिसळायची नाहीत, सील फुगतात. आणि ब्रेक ऑइल सांडलं तर रंग सोलून निघतो, म्हणून पाण्याची बादली शेजारीच ठेवायची.